मोडकी पट्टी आणि मोजण्याचा अर्थ

संपादक महोदय,

तिसरीच्या वर्गात एकदा एका मुलीची पट्टी सुरुवातीच्या बाजूने मोडली. शून्य, एक आणि दोन या खुणांचा तुकडा हरवला आणि तिच्या हाती उरलेली पट्टी तीनच्या खुणेपासून सुरू होत होती. पेन्सिलीची लांबी मोजायला सांगितल्यावर तिने पेन्सिलीचे एक टोक मोडक्या कडेला लावले, दुसरे टोक अकराच्या खुणेपाशी आलेले पाहिले आणि वहीत ‘११ सेंटिमीटर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. शेजारच्या मुलाने तीच पेन्सिल आपल्या अखंड पट्टीवर ठेवली, पण मोजायला सुरुवात एकपासून करायची असते हे त्याच्या मनात पक्के असल्यामुळे टोक शून्याला न लावता एकच्या खुणेला लावले. त्याचे उत्तर ९ आले. पेन्सिल होती ८ सेंटिमीटरची. दोघांनीही टोकाशी दिसणारा आकडा बिनचूक वाचला होता, मोजले मात्र एकानेही नव्हते. त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण तोवर मी त्यांना पट्टी वाचायलाच शिकवले होते.

प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आहे. मुलांच्या गणिताची चर्चा निघाली की ती बहुधा पाढे, बेरीज-वजाबाकी आणि तोंडी हिशेब यांच्यापाशीच थांबते, असा माझा अनुभव आहे. मापनाचा घटक पुस्तकात मागच्या पानांवर असतो, तो शिकवायची वेळ येते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि मग ‘१०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर, १००० ग्रॅम म्हणजे १ किलोग्रॅम’ एवढे पाठ करून घेऊन शिक्षक पुढे जातात. मीही अनेक वर्षे तेच केले. परंतु संख्या आणि मापन हे दोन वेगळे घटक मानून, आधी संख्या पुरी करायची आणि उरलेल्या दिवसांत मापन उरकायचे, ही मांडणीच मुळात सदोष आहे आणि पुढच्या इयत्तांतील अपूर्णांकांची, दशांशांची व क्षेत्रफळाची बरीचशी रड तिच्यातून सुरू होते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सुरुवात मोजण्यापासूनच करू. चार-पाच वर्षांचे मूल पन्नासपर्यंत आकडे धडाधड म्हणून दाखवते तेव्हा घरातल्यांना कौतुक वाटते, आणि ते वाटावेही. पण त्याच मुलाला ढिगातून सात खडे काढून द्यायला सांगावे. पुष्कळदा ते मूठभर खडे उचलून देते. समोर मांडलेले खडे एकेकाला बोट लावून ‘पाच, सहा, सात’ असे नीट मोजलेल्या मुलाला लगेच ‘मग किती आहेत?’ असे विचारले, तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. शेवटी उच्चारलेला शब्द हा सगळ्या ढिगाची संख्या सांगतो, हे त्याला अजून कळलेले नसते. ‘सात’ हे त्याच्या दृष्टीने शेवटच्या खड्याचे नाव असते. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली: प्रत्येक वस्तूला एकच आणि एकदाच शब्द, शब्दांचा ठरलेला क्रम, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कोणत्याही वस्तू मोजता येणे, आणि कोठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येणे. यांतले क्रमाचे तत्त्व आपण घोकून घेतो आणि बाकीची आपोआप येतील असे धरून चालतो. ती बहुतेकांना येतातही, पण उशिरा. आणि ज्यांना येत नाहीत त्यांची उणीव पाढे म्हणून घेताना उघडी पडत नाही.

जाँ पियाजे यांचा खड्यांचा प्रयोग अध्यापन पदविकेच्या अभ्यासक्रमात आम्ही शिकलो होतो. समोरासमोर दोन ओळींत सारखेच खडे मांडायचे, मुलाने दोन्ही ओळी सारख्या असल्याचे कबूल केले की त्याच्यादेखत एक ओळ लांबवायची आणि पुन्हा विचारायचे. लहान मुले लांबवलेल्या ओळीत खडे जास्त आहेत असे सांगतात. पेल्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतले की ते वाढले असे म्हणतात. यावरून सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला हे कळतच नाही असा निष्कर्ष आम्ही मुकाट्याने पाठ केला होता. पुढे १९७० च्या दशकात मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग जरा बदलून केला: खड्यांची ओळ प्रयोगकर्त्याने मोडण्याऐवजी एका खोडकर बाहुल्याने येऊन विस्कटली, आणि मग बरोबर उत्तर देणारी मुले कितीतरी वाढली. मोठे माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारते आहे, म्हणजे पहिले उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटत असणार. हे वाचले तेव्हा मला माझ्याच वर्गातल्या कितीतरी तोंडी परीक्षा आठवल्या. बरोबर उत्तर दिलेल्या मुलाला मी ‘नक्की?’ असे विचारायची आणि ते घाईघाईने उत्तर बदलायचे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. खडे मोजताना काय मोजायचे ते ठरलेलेच असते, कारण एक खडा म्हणजे एक. लांबी, वजन, पाणी यांचे तसे नाही. फळ्याची लांबी अखंड असते, तिच्यात ‘एक’ कोठेच दिसत नाही. तो ‘एक’ आपण निवडायचा असतो, तो पुन्हा पुन्हा मांडायचा असतो आणि किती वेळा मांडला ते मोजायचे असते. एकक या शब्दाचा खरा अर्थ मुलाला येथे भेटतो, आणि तो भेटला म्हणजे दशक हेही दहा सुट्यांचे मिळून केलेले एक मोठे एकक आहे, हे समजायला वाट मोकळी होते. रशियन मानसशास्त्रज्ञ दाविदोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार टोकापर्यंत नेला. त्यांनी तयार केलेल्या अभ्यासक्रमात पहिलीची मुले आकड्यांच्या आधी लांबी, आकारमान, वजन यांची तुलना करतात आणि मापाच्या गरजेतून संख्येपर्यंत पोहोचतात. इतके टोक गाठावे असे मला वाटत नाही, कारण बोटांवर मोजत शाळेत आलेल्या मुलाकडून ती बोटे काढून घेणे मला पटत नाही. पण त्यांच्या म्हणण्यातला गाभा खरा आहे.

दुसरीच्या वर्गात मी दरवर्षी वर्गखोलीची लांबी पावलांनी मोजून घेत असे. वर्गातला सर्वांत उंच मुलगा आणि सर्वांत ठेंगणी मुलगी, दोघांनी टाचेला अंगठा लावत भिंतीपासून भिंतीपर्यंत जायचे आणि बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचे. एका वर्षी मुलाची ३४ पावले झाली आणि मुलीची ४१. वर्गात एकच कालवा. काही मुलांच्या मते मुलगी चुकली होती. एकाच्या मते तिने मुद्दाम छोटी पावले टाकली होती. आणि एक मुलगा अत्यंत गंभीरपणे म्हणाला की तिच्यासाठी खोली मोठी आहे. त्या मुलाला हसू नये. पाऊल लहान म्हणून संख्या मोठी, हा व्यस्त संबंध सात वर्षांच्या मनाला मुळीच सोपा नसतो, कारण तोवर त्याच्या जगात जास्त संख्या म्हणजे जास्त मोठी वस्तू असेच समीकरण असते. आपण शिक्षक येथे घाई करतो. ‘पाहिलेत ना, म्हणून सगळ्यांनी एकच माप वापरायला हवे’ असे सांगून लगेच पट्टीकडे वळतो. त्याऐवजी त्याच दिवशी हाच प्रश्न उलटा विचारून पाहावा: बाईंनी ही खोली आपल्या पावलांनी मोजली तर पावले ३४ पेक्षा जास्त भरतील की कमी? मुलांना उत्तर आधी सांगू द्यावे, मग बाईंनी चालून दाखवावे. हा संबंध ज्याला उमगला त्याला पुढे एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश लहान का, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्याला तो उमगला नाही त्याला तिनापेक्षा चार मोठे एवढेच दिसत राहते.

एकक मांडण्यातही बारकावे आहेत आणि ते मुलांच्या हातांकडे पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. बाकाची लांबी काड्यापेट्यांनी मोजायला दिली की काही मुले दोन पेट्यांमध्ये फट सोडतात, काही एकीवर दुसरी किंचित चढवतात, आणि शेवटी जागा उरली की तेथे खोडरबर ठेवून त्यालाही एक धरतात. पुरेशा पेट्या असतील तर निदान ओळ डोळ्यांना दिसते. एकच पेटी देऊन मोजायला सांगितले की खरी कसोटी लागते, कारण पेटी उचलून पुढे ठेवताना ती आधी कोठे संपली होती ते लक्षात ठेवावे लागते. बोट ठेवायचे, की खडूने खूण करायची? ही युक्ती मुलांना सुचू द्यावी असे माझे मत आहे. ज्या दिवशी एखादे मूल आपण होऊन खडूची रेघ ओढते, त्या दिवशी पट्टीवरच्या रेघा कशासाठी असतात हे त्याला कळलेले असते.

यानंतर पट्टी विकत आणायची नाही, करायची. जाड कागदाची लांब फीत घ्यायची, एक सेंटिमीटर रुंदीचे रंगीत तुकडे तिच्यावर एकाला एक चिकटवून लावायचे आणि प्रत्येक तुकडा जेथे संपतो तेथे आकडा लिहायचा. आकडा तुकड्याच्या मध्यभागी लिहायचा की शेवटाला, यावर माझ्या वर्गात दरवर्षी वाद होत असे, आणि तो वाद फार मोलाचा होता. मध्यभागी लिहिला तर तो त्या घराचा क्रमांक होतो. शेवटाला लिहिला तर तेथपर्यंतची सगळी घरे मिळून किती झाली ते सांगतो. पट्टीवरचा आकडा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि म्हणूनच पहिल्या घराच्या आधी, जेथे एकही घर झालेले नाही तेथे, शून्य येते. शून्य म्हणजे ‘काही नाही’ एवढेच ऐकलेल्या मुलाला शून्य ही एक जागा आहे आणि प्रवास तेथून सुरू होतो, हे पट्टीशिवाय दुसरीकडे क्वचितच दिसते.

रेघा मोजायच्या की घरे, ही गफलत पहिलीपासून पार वरच्या वर्गांपर्यंत पाठ सोडत नाही. पाच घरांना सहा रेघा लागतात. संख्यारेषेवर ‘चारच्या पुढे तीन उड्या मार’ म्हटले की मूल चारवर बोट ठेवून ‘एक’ म्हणते, पाचवर ‘दोन’, सहावर ‘तीन’, आणि उत्तर सहा देते. आपण त्याला बेरीज येत नाही असे म्हणतो. वास्तविक त्याने मोजले बरोबर, पण उड्यांऐवजी मुक्काम मोजले. मोडक्या पट्टीवर तीनपासून अकरापर्यंतची घरे बोटाने मोजलेल्या मुलाकडून ही चूक फार कमी होते, शिवाय ११ मधून ३ वजा केले तरी तेच ८ येतात हे त्याचे त्यालाच सापडते. वजाबाकी म्हणजे काढून टाकणे एवढेच शिकलेल्या वर्गाला वजाबाकी म्हणजे दोन जागांमधले अंतर हा दुसरा अर्थ येथे मिळतो.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या चित्रांविषयी. त्यांतल्या पेन्सिली, पाने, किल्ल्या नेहमी नेमक्या पूर्ण सेंटिमीटरच्या असतात. प्रत्यक्षात तशी वस्तू क्वचितच सापडते. त्यामुळे मुलाने खरी पेन्सिल मोजली आणि टोक सात व आठ यांच्या मध्ये आले की आपले काहीतरी चुकले असे वाटून ते पेन्सिल जरा सरकवते आणि सातवर आणून ठेवते. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे. खडे मोजले की उत्तर नेमके असते. लांबी मोजली की उत्तर नेहमी ‘जवळजवळ’ असते, हा फरक मुलांना उघडपणे सांगायला हवा. ‘सातपेक्षा जास्त, आठपेक्षा कमी, पण आठच्या जवळ’ हे तिसरीतल्या मुलाचे उत्तम उत्तर आहे आणि त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. उरलेल्या त्या तुकड्याचे काय करायचे, या प्रश्नातूनच अपूर्णांक जन्माला येतो. माप पुरे पडत नाही म्हणून त्याचे भाग करावे लागतात, ही गरज आधी जाणवू दिली नाही तर अपूर्णांक म्हणजे आडव्या रेघेच्या वर एक आकडा आणि खाली एक आकडा, एवढेच मुलाच्या पदरी पडते.

स्थानिक किमतीच्या बाबतीतही मापन असेच हात देते, आणि मराठीत शिकणाऱ्या मुलांना तर त्याची जास्त गरज आहे. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. चिनी भाषेत हीच संख्या ‘दोन दहा पाच’ अशी उच्चारतात, त्यामुळे तेथे कान आणि हात एकाच दिशेने चालतात. आपल्याकडे पंचवीस ऐकून ५२ लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते कानाशी इमान राखत असते. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणाऱ्याचेही तेच. माझ्याकडे दहा सेंटिमीटरच्या पट्ट्या आणि एकेक सेंटिमीटरचे सुटे तुकडे असत. एकोणतीस सेंटिमीटरची ओळ करायला सांगितली की बहुतेक मुले दोन पट्ट्या आणि नऊ तुकडे मांडत. मग मी तीन पट्ट्या शेजारी ठेवून तिसरीचे शेवटचे घर मागे दुमडायची. एक ऊन, म्हणजे एक उणे, तीस. त्या दुमडलेल्या घराकडे पाहून ‘म्हणजे एकोणचाळीसपण असंच?’ असे कोणीतरी विचारतेच, आणि मग एकोणनव्वदपर्यंत मुले आपली आपण पोहोचतात. नव्याण्णवपाशी हा नियम भाषेनेच मोडलेला आहे, तोही त्यांच्याच लक्षात येतो आणि ती त्याविषयी जाब विचारतात. माझ्याकडे उत्तर नसे.

काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, ठोकळे ही साधने आता सर्वांना माहीत आहेत. मॉन्टेसरींचे सोनेरी मणी काय किंवा बेल्जियमच्या कुझनेर या शिक्षकाच्या रंगीत कांड्या काय, कल्पना एकच. त्यांतल्या कांड्या मला विशेष आवडतात, कारण त्या मोजायच्या नसून मापायच्या असतात. कांडीवर आकडा नसतो, फक्त लांबी आणि रंग असतो, आणि दहाच्या कांडीशेजारी सात व तीन लावून पाहिल्यावर बेरीज डोळ्यांना दिसते. तरीही एक सावधगिरी हवी. साहित्य हाताळले म्हणजे कल्पना आपोआप डोक्यात शिरली असे होत नाही. ‘आता हेच कागदावर कसे लिहाल?’ हा प्रश्न विचारला नाही तर तास मजेत जातो आणि वही कोरी राहते.

दशांश चिन्हापाशी पाचवीतली मुले अडखळतात त्याचेही मूळ मला येथेच दिसते. ३.१२ आणि ३.८ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की पुष्कळ मुले ३.१२ सांगतात, कारण आठापेक्षा बारा मोठे. मीटर-सेंटिमीटरमध्ये सांगितले की हे सुटेल असे आपल्याला वाटते, आणि सुटतेही. पण अर्धवट सुटते. ‘३ मीटर १२ सेंटिमीटर’ असे वाचायची सवय लागली की मूल टिंबाच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र पूर्ण संख्या आहेत असे समजू लागते आणि ३ मीटर ८ सेंटिमीटर हे ३.८ असे लिहून मोकळे होते. वेळेच्या हिशेबात तर अडीच तास म्हणजे २.५ तास आणि तेच २ तास ५ मिनिटे, असाही घोटाळा होतो, कारण तास साठांत विभागलेला आहे आणि हे त्याला कोणी जाणवून दिलेले नसते. उपाय एकच आहे. मीटरभर लांबीच्या फितीचे प्रत्यक्ष दहा सारखे भाग करून घ्यावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा करून घ्यावेत, आणि ३.८ व ३.०८ या दोन्ही लांब्या जमिनीवर खडूने एकाखाली एक आखून दाखवायला सांगाव्यात. आखताना जो मुलगा थांबतो आणि डोके खाजवतो, त्याच्याजवळ जाऊन बसावे.

वजन, धारकता आणि क्षेत्रफळ यांविषयी थोडक्यातच लिहिते. आकाराने मोठी ती वस्तू जड, हा समज मोडायला कपडे अडकवायच्या हँगरच्या दोन टोकांना दोन सारख्या पिशव्या बांधलेला तराजू पुरतो; एकीत कापूस आणि दुसरीत लोखंडी खिळे घालावेत. हजार ग्रॅमचा एक किलोग्रॅम होतो हे सांगणाऱ्या मुलाने एक किलोग्रॅम कधी हातात तोललेला नसतो, ही मला नेहमीच चमत्कारिक गोष्ट वाटत आली आहे. क्षेत्रफळ आणि परिमिती यांची गल्लत चौकटींच्या कागदावर मिटते: सात चौकटी लांब व एक रुंद असा आयत आणि चार बाय चारचा चौरस, दोघांचीही परिमिती १६, पण आत चौकटी मोजल्या तर एकीकडे ७ आणि दुसरीकडे १६. सूत्र देण्यापूर्वी हे एकदा तरी रंगवून घ्यावे.

एककाशिवाय नुसता आकडा लिहिला की मी अर्धा गुण कापायची, तेव्हा पालकांची कुरकुर होत असे. त्यांना मी एका विमानाची हकीकत सांगायची. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक प्रवासी विमान ४१,००० फूट उंचीवर असताना त्याचे इंधन संपले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते; इंधनाच्या लिटरांचे वजन काढताना १.७७ हा गुणक वापरला गेला, पण तो पौंडांचा होता, किलोग्रॅमसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. त्यामुळे विमानात हवे होते त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. वैमानिकांनी ते विमान इंजिनांशिवाय तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सर्व ६९ जण वाचले. १९९९ साली मंगळाकडे पाठवलेले एक अमेरिकी यान इतके सुदैवी ठरले नाही. एका गटाची आज्ञावली पौंडांच्या एककात आकडे देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनचे समजून वापरत होता, त्यात ते यान गमावले. या दोन्ही ठिकाणी माणसे हुशार होती आणि गुणाकारही बरोबर होते. अर्ध्या गुणाची कुरकुर त्यानंतर बहुधा थांबत असे.

मुलांना मीटरची गोष्टही सांगावी. पट्टीवरची खूण जणू आकाशातून पडली असे त्यांना वाटते. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश भाग म्हणजे एक मीटर असे फ्रान्समध्ये १७९१ साली ठरले, त्यासाठी दोन माणसे डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजत सहा-सात वर्षे हिंडली, आणि शेवटी जो मीटर ठरला तो सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. माप हे माणसांनी ठरवलेले असते, त्यावर भांडणे होतात आणि मग करार होतो, हे चौथीतल्या मुलाला सहज कळते. पावलांवरून झालेले स्वतःच्या वर्गातले भांडण त्याला आठवत असते.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप वेळेचा आणि गोंगाटाचा. मी ज्या एका शाळेत होते तेथे मोजमापांच्या साहित्याची छान पेटी आली होती: मापे, वजने, काटा, फिती. ती कपाटात कुलूपबंद असे, कारण वर्षअखेरीस यादीप्रमाणे नग भरायचे असत आणि हरवलेल्या वजनाचा जाब कोण देणार, असा प्रश्न होता. मुलांना मापे हाताळू दिली तर वर्गात गोंधळ होतो, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. ते खरेच होते, गोंधळ होतो. चाळीस मुले एका वेळी मोजू शकत नाहीत. आठ-आठचे गट करून एकाच गटाला फीत द्यावी लागते आणि बाकीच्यांना लिहिण्याचे काम, आणि हे जमायला मला काही वर्षे लागली. वेळेचे म्हणाल तर जूनपासून आठवड्याचा एक तास मापनाला दिला तर संख्याज्ञानाचा तो तास बुडत नाही, कारण मुले त्या तासात मोजतच असतात, बेरजा करतात, तुलना करतात. फक्त वेळापत्रकात त्याला ‘मापन’ म्हणायचे की ‘संख्याज्ञान’, हा प्रश्न नोंदी ठेवणाऱ्यांनी सोडवावा.

खरी अडचण परीक्षेची आहे. ‘५ किलोमीटर म्हणजे किती मीटर?’ या प्रश्नाला तीन शून्ये जोडून उत्तर देता येते आणि त्यातून मुलाला काय कळले आहे ते कळत नाही. जे विचारले जाते तेच शिकवले जाते, म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तिसरी-चौथीच्या प्रश्नपत्रिकेत तीनच्या खुणेपासून सुरू होणाऱ्या मोडक्या पट्टीचे चित्र छापावे, तिच्यावर तीनपासून अकरापर्यंत पेन्सिल ठेवावी आणि लांबी विचारावी. उत्तरे तपासताना गुण देऊन थांबू नये, उत्तरांचे तीन गठ्ठे करावेत. ११ लिहिणाऱ्या मुलांनी टोकाचा आकडा वाचला आहे. त्यांना पट्टी बाजूला ठेवून पुन्हा काड्यापेट्यांकडे न्यावे लागेल. ९ लिहिणाऱ्यांनी रेघा मोजल्या आहेत. त्यांच्याकडून रंगीत तुकड्यांची पट्टी करून घ्यावी, दोन तास पुरतील. ८ लिहिणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात मोडकी पट्टी आणि सात-आठच्या मध्ये संपणारी पेन्सिल, अशी दोन्ही एकदम द्यावीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका